भिंतीतली बैठक

१

आमच्या स्वयंपाकघरामागं एक खोली आहे. घरात सगळे तिला नुसतं ‘आतली’ म्हणतात. दुकानातली रिकामी खोकी, बिघडलेला पंखा, कुरडया-पापडांचे डबे असं काहीबाही तिच्यात जायचं आणि तिथंच राहायचं. त्या आषाढात मी ती खोली रिकामी केली, कारण डॉक्टरीणबाईंनी रोहिणीला जिना बंद केला होता.

रोहिणी माझी सून, सोमेश्वरची बायको. आदल्या वर्षी तिचं मूल पोटातच गेलं. आता पुन्हा दिवस होते. माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडंच, बीडला करायचं ठरलं. मी सोळा सोमवार धरले. महादेवाला म्हटलं, या खेपेला बाळ-बाळंतीण सुखरूप राहू देत, मग तू म्हणशील ते करीन.

यांच्या मनात रंगारी लावायचं होतं. पण गावात काचा लावलेली नवी दुकानं झाल्यापासून आमच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक कमीच. आणि खरं सांगू, मला हौस होती. बायकांच्या एका मासिकात स्वस्तात घर कसं सजवावं याचं सदर यायचं. ते वाचून मी टीव्हीचं झाकण, दाराचं लोकरीचं तोरण, काय काय केलं होतं. आता अख्खी खोली हाती आली.

पिंपात चुनकळी विरवली. भिंतीचा चुना अंगाला लागू नये म्हणून त्यात डिंक आणि मीठ घालावं, असं मासिकात दिलं होतं, तसं घातलं. थोडी नीळ घातली. शेवटी देवघरातली कपिलधारची विभूती चिमूटभर घेतली, मग वाटलं, कशाला हात आखडावा, आणि पुडीच रिकामी केली. भिंती अशा पांढऱ्या झाल्या की दार उघडलं तरी आत दिवा लावल्यासारखं वाटे.

यांचा हात मोडला होता तेव्हाची एक्स-रेची फिल्म माळ्यावर पडून होती. सोड्याच्या गरम पाण्यात घासली की ती काचेसारखी होते. तिच्यावर बेलाचं पान काढून ब्लेडनं कापलं आणि स्टुलावर चढून, स्पंजानं हिरवा रंग थोपटत, छताला लागून चारी भिंतींवर पानांची ओळ मारली.

राहिलं भिंतीतलं कपाट. भिंत जुनी, दगडमातीची, चांगली दोन हात जाड. कपाटाची दारं वाळवीनं खाल्लेली. मासिकात खिडकीत बसायच्या जागेचं एक चित्र होतं, बाई पाय पोटाशी घेऊन वाचत बसलेली. आमच्या आतलीला खिडकी कुठली? मी दारं काढली, फळ्या काढल्या, पुठ्ठा आणि मेथी घालून कुटलेला कागदाचा लगदा लावून वर कमान केली, खाली चिंध्या भरून गादी शिवली. मांडी घालावी, पाठ टेकावी, निवांत बसावं, अशी बैठक झाली.

हे दुकानातून आले ते दारातच थांबले. म्हणाले, ‘‘बीडात केबल आली, घरोघर फोन आले, आता तू भिंतीत सोफा बसीव. सोम्याला सांगतो, दुकान बंद कर आन आईच्या हाताखाली जा.’’ पण संध्याकाळी दुकानातल्या दोघा गड्यांना खोली दाखवायला मुद्दाम घेऊन आले.

२

रोहिणीला बैठक इतकी आवडली की पलंग नावापुरता राहिला. सकाळची आंघोळ झाली की ती लोकर घेऊन त्या कमानीखाली जाऊन बसे आणि बाळाचं टोपडं विणत राही. मी पोळ्या लाटता लाटता तिच्याकडं बघायची. पांढऱ्याशुभ्र चौकटीत माझी सून, मांडीवर पिवळी लोकर. मासिकातल्या चित्रापेक्षा झकास.

पहिल्यांदा खटकलं ते आवाजाचं. एका सकाळी तिनं आतूनच विचारलं की आत्याबाई, आज कुकर लावला न्हाई का. कुकर तिच्यापासून पाच-सहा पावलांवर होता आणि शिट्ट्या देऊन देऊन मी नुकताच उतरवला होता. मी हसले. तिचं ध्यान विणण्यात असेल.

दुपारी ती झोपली तेव्हा मी सहज त्या कमानीत डोकं घातलं. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता, रस्त्यावर एक रिक्षा कधीची फुरफुरत होती. डोकं आत गेलं आणि सगळं थांबलं. आवाज लांब गेला, बारीक झाला, असं नव्हे. नव्हताच. मी डोकं बाहेर काढलं तर रिक्षा फुरफुरतच होती.

रात्री जेवताना मी ही गंमत सांगितली. सोमेश्वर म्हणाला, कागदाचा लगदा आणि चिंध्या आवाज पितात, टॉकीजच्या भिंतींना असंच काहीतरी लावलेलं असतं. मला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, बरं वाटलं.

३

मग ती पानं.

श्रावण लागला होता. सोमवारचा उपास होता आणि मी आतली झाडत होते. झाडता झाडता बेलाच्या ओळीवर हात टेकला आणि हात तसाच राहिला. मी ही ओळ स्टुलावर चढून मारली होती. पाय लटपटत होते, ह्यांनी स्टूल धरलं होतं, हे मला नीट आठवत होतं. आता ती माझ्या कपाळाच्या उंचीला होती.

मी ह्यांना बोलावलं. ते म्हणाले, तुझा हात पुरला तिथं तू मारलीस, त्यात काय. मी स्टुलाची आठवण दिली तर म्हणाले, स्टूल चुना देताना धरलं होतं. असेलही. माणूस काम करताना कुठं उभा होता हे भिंतीला काय विचारायचं?

पण पुढच्या सोमवारी ओळ माझ्या खांद्याला आली होती. बाकीच्या तीन भिंतींवर विरळ झाली होती आणि बैठकीच्या दोन्ही बाजूंना पानावर पान पडल्यासारखी दाट. छताखाली जिथून ती सुटली होती तिथं हिरव्याचा डागसुद्धा नव्हता. मी ओल्या फडक्यानं एक पान पुसलं. फडकं कोरडं असल्यासारखं स्वच्छ राहिलं.

तेव्हाच माझ्या ध्यानात आलं की रोहिणी आता पाठ टेकत नाही. मांडी घातलेली, कणा ताठ, हात गुडघ्यांवर. टोपडं कधीचं गादीच्या कडेला पडलेलं, सुई तशीच खोचलेली. डोळे मिटलेले. झोप म्हणावी तर मान पडत नव्हती.

मी खांद्याला हात लावला तेव्हा ती सावकाश उठली, गोड हसली.

‘‘इथं लई बरं वाटतं आत्याबाई,’’ ती म्हणाली. ‘‘बाळ पण गप बसतं.’’

४

गप बसतं म्हणजे काय? त्या रात्री मला अन्न गेलं नाही. आदल्या वर्षीही असंच गप झालं होतं.

सकाळी पहिल्या नंबरला आम्ही दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी पोटावर नळी लावली, ऐकलं, आणि मलाही ऐकू दिलं. घोड्याच्या टापांसारखे ठोके. मी तिथंच हात जोडले. त्या म्हणाल्या, सगळं उत्तम आहे, फक्त या दिवसांत मुलाचं डोकं खाली यायला लागतं, तुमचं अजून वर आहे. मांडी घालून बसल्यासारखं बसलंय. होतं असं पुष्कळांचं, फिरेल आपोआप.

रोहिणीला हसू आलं. म्हणाली, आजीसारखंच पूजेला बसलंय.

मीही हसले. येताना कंकालेश्वराला नारळ फोडला. घरी येऊन मी चहा टाकेपर्यंत ती पुन्हा बैठकीत जाऊन बसली होती, चप्पलसुद्धा दारात न काढता. चप्पल तिच्या पायांत, पाय मांडीखाली, आणि डोळे मिटलेले.

५

माझ्या थोरल्या नणंदबाई, उमावन्सं, युसूफ वडगावला असतात. त्यांचे आणि यांचे चुलते ईश्वरप्पा वारले होते. आमच्याकडची सगळी पुरुषमंडळी माती द्यायला जाऊन आली, मी रोहिणीपाशी थांबले. दिवस झाल्यावर उमावन्सं आमच्याकडं आल्या, पोटुशीला बघायला म्हणून.

आमच्या घराण्यात मयताबरोबर निघालेल्या बायका वेशीवरून परत फिरतात. उमावन्सं मात्र पुढं जातात. नवऱ्याला त्यांनी स्वतः बसवलं, तेव्हापासून त्यांना कुणी अडवत नाही.

चहा घेऊन मी त्यांना मोठ्या हौसेनं आतलीकडं नेलं. रोहिणी बाहेरच्या खोलीत सोमेश्वरशी बोलत होती. वन्सं उंबऱ्यावर थांबल्या. आत पाऊल टाकलं नाही. तिथूनच भिंती, पानं, कमान बघून घेतली.

‘‘चुन्यात काय घातलंस?’’

मी सांगितलं. डिंक, नीळ, मीठ.

‘‘मीठ. आन इबूत?’’

‘‘घातली. कपिलधारची.’’

‘‘बेल तर दिसतोच हाय.’’ त्यांनी पदर तोंडाला लावला. ‘‘वच्छला, ईश्वरप्पा काकाला परवा असंच बसवून आलोत आमी.’’

आमच्यात माणसाला जाळत नाहीत. खड्डा खणतात, खड्ड्याच्या पोटात एका बाजूला कोनाडा कोरतात, आणि त्यात मांडी घालून बसवतात, तोंड उत्तरेला. मीठ, विभूती, बेल, मग माती. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. खड्ड्याच्या तळाशी उभं राहून वर बघितलं तर कसं दिसतं, हे वेशीवरून परत फिरणाऱ्या बाईला कुठून कळणार?

मी म्हटलं, वन्सं, मीठ मासिकात लिहिलं होतं. सगळेच घालतात. विभूती देवाची. बेल महादेवाचा. यातलं वाईट काय आहे? माझा आवाज चढला होता. त्यांनी माझा हात धरला आणि मला घेऊन उंबऱ्यापासून मागं सरल्या. नवऱ्याला माती देताना ही बाई एक पाऊल मागं सरली नव्हती, असं सारं वडगाव सांगतं.

‘‘पोरीला आजच बाहिर काढ,’’ त्या म्हणाल्या.

‘‘काढते. आणि बैठक मोडून टाकते.’’

‘‘मोडून बघ.’’ जाताना त्या पुन्हा वळल्या. ‘‘येक ध्यानात ठेव. खणलेला खड्डा मोकळा ठेवत न्हाईत. माणसाला उशीर झाला तर आत कायतरी बसवून ठेवतेत. धोंडा म्हणा, नारळ म्हणा. कावून ते मला इचारू नको.’’

६

रोहिणीचा पलंग बाहेरच्या खोलीत टीव्हीपाशी आणला. तिनं कारण विचारलं नाही. आतलीला मी कडी घातली, कडीला नाडा बांधला.

दुपारी जरा डोळा लागला. उठले तर पलंग रिकामा, नाडा जमिनीवर सरळ पडलेला, आणि ती आत. उठवली तर म्हणाली, मी कुठं गेले, मी तर इथंच होते. दुसऱ्या दिवशी कुलूप लावलं. त्या दिवशी ती आतलीच्या दाराला कपाळ टेकून मांडी घालून बसलेली सापडली. सोमेश्वर तिच्यावर रागावला, मग माझ्यावर. उमाआत्यानं काहीतरी डोक्यात भरवलं म्हणून तू एका गरोदर बाईला घाबरवतेस, असं तो म्हणाला. त्याचंही खरं होतं.

मी भिंत खरवडायला घेतली. खुरप्यानं पोपडे निघत होते, पण खाली पुन्हा पांढरंच. माती लागायला हवी होती, दगड लागायला हवा होता. मनगट आत गेलं तरी पांढरं. कागदाच्या कमानीवर घाव घातला तर खुरपं खणकन वाजलं.

मग मला वरवंट्याचं सुचलं. आमच्याकडं बारशाला बाळाआधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवतात. येणारी सगळी पीडा दगडानं घ्यावी, बाळानं फक्त नाव घ्यावं. मी वरवंटा धुतला, हळदकुंकू लावलं, सोमेश्वरची लहानपणची कुंची त्याला घातली आणि बैठकीत उभा केला. म्हटलं, देवा, जागा भरली. आता माझ्या लेकराकडं बघू नको.

त्या रात्री रोहिणी बाहेर शांत झोपली. मलाही झोप लागली. सकाळी उठून आधी आतली उघडली.

बैठक रिकामी होती. वरवंटा स्वयंपाकघरात पाट्यावर होता, धुतलेला, ओला. शेजारी कुंचीची घडी. घरात सगळ्यांना विचारलं. रोहिणीनं चटणी वाटायला घेतला असेल, असं हे म्हणाले. रोहिणी म्हणाली, न्हाई. मी कुंची उलगडली. बाहेरून ती जशीच्या तशी होती. आतून, जिथं बाळाचं डोकं येतं, तिथं चुना लागला होता.

मी ती कुंची कुणाला दाखवली नाही. उमावन्संना फोन केला. त्या दुपारच्या एस.टी.नं आल्या आणि मग आमच्याकडंच राहिल्या.

७

कळा अवेळी सुरू झाल्या, सोमवारी भरदुपारी. दिवस भरायला अजून अवकाश होता. हे दुकानातून धावत आले, सोमेश्वरनं रिक्षा आणली. मूल फिरलेलं नव्हतं, आदल्याच आठवड्यात दवाखान्यात पाहिलं होतं. अजून तसंच, मांडी घालून. रोहिणी माझा पदर सोडत नव्हती. आत्याबाई, तुमी चला, एवढंच म्हणत होती.

मी चप्पल घातली. तेवढ्यात उमावन्संनी माझ्याकडं पाहिलं, मग आतलीच्या दाराकडं. ती जागा मोकळी सोडून जायचं नाही, हे आम्हा दोघींना कळलं.

मी चप्पल काढली. रोहिणीला म्हटलं, तू हो पुढं बाळा, वन्सं आहेत, मी शिरा करून मागून येते. तिनं माझ्याकडं असं बघितलं की ते डोळे मी विसरू शकत नाही. रिक्षा गेली. घरात कुणी उरलं नाही.

आतली उघडली. माझी आंघोळ झालेली होती, उपास होता, अंगावर धूतवस्त्र होतं. भीती वाटत होती, पण एक प्रकारचं हलकंही वाटत होतं. माझं काय, माझं सगळं बघून झालं होतं. सून बघितली, सण बघितले. मी म्हटलं, महादेवा, तुला बसलेलं माणूस हवंय ना, मी बसते. आणि पाठमोरी होऊन मी कमानीत शिरायला गेले.

खांदे अडले.

मी वळून बघितलं. पोटुशी बाई जिथं मांडी घालून बसत होती तिथं माझा गुडघासुद्धा मावत नव्हता. दोन्ही बाजू पुढं आल्या होत्या. कुठं जोड नाही, भेग नाही, ओल्या मातीवरून तळहात फिरवावा तशा गुळगुळीत. पानं थेट कडेपर्यंत उतरली होती, पानावर पान. मधे उरली होती ती वीतभर रुंद, हातभर उंच जागा. एवढ्याशा जागेत कोण बसेल, हा विचार मी पुरा होऊ दिला नाही.

काहीतरी भरायचं होतं, लवकर. देवघराकडं धावायला वेळ नव्हता, निदान मला तसं वाटलं. मी गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हात आत घातले, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. तोंड भिंतीला लागलं. मी ओंजळ केली, म्हणजे जागा मोकळी राहायला नको. ओठांवर मिठाची चव होती. ओम नमः शिवाय म्हणत राहिले. डोकं कमानीशी टेकलं होतं, त्यामुळं माझाच आवाज मला येत नव्हता.

किती वेळ गेला कोण जाणे. मग माझ्या ओंजळीत वजन आलं.

ते वरून पडलं नाही. आतल्या बाजूनं आलं, हळूच, कुणीतरी माझ्या हातांत ठेवावं तसं. मुठीएवढं डोकं माझ्या मनगटावर टेकलं. बाकीचं अंग दुमडलेलं होतं, पाय पोटाशी, मांडी घातल्यासारखे.

मी मान वळवून कान बाहेर काढला. बाहेरच्या खोलीत फोन वाजत होता.

दवाखान्यातून असणार. वाजत वाजत थांबला आणि पुन्हा लागला. उचलायचा तर हात काढायला हवे होते. हात काढले तर ते कुठं ठेवायचं, की खाली सोडायचं, की ओढून माझ्याकडं घ्यायचं? आणि ओढलं, तर तिकडं, दवाखान्यात, काय होईल? मला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी वन्संना हाक मारली, ह्यांना मारली, घरात कुणी नव्हतं.

निदान ते गरम आहे की गार, एवढं कळलं असतं तरी मी ठरवलं असतं. पण इतक्या दिवसांच्या खरवडण्यानं माझ्या बोटांची सालं गेली होती, चुन्यानं हात बधीर झाले होते. वजन कळत होतं. बाकी काहीच कळत नव्हतं.

फोन पुन्हा वाजायला लागला. मी ओंजळ घट्ट धरली आणि त्याला झोके देत राहिले.